पर्सिमनच्या शेडमधला टू-इन-वन

कुवाबारा फुसाए-सान माझ्या सायकलच्या दुकानात आल्या तेव्हा साठ वर्षांच्या होत्या. शाळेच्या भोजनगृहातून त्याच आठवड्यात निवृत्त झालेल्या. मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मियाशिता-सान, तिथं जुने टायर सडतायत. त्यापेक्षा मला एक टेबल टाकू द्या."

"कशाला?"

"रेडिओ दुरुस्त करणार."

मी हसलो. बावीस वर्षं आमच्या मुलांना भात नि मिसो सूप वाढणारी बाई! पण त्या हसल्या नाहीत. मी टायर हलवले.

मग हळूहळू कळलं. पंधराव्या वर्षी डोंगरातलं गाव सोडून त्या तेन्र्यू नदीकाठच्या एका कारखान्यात लागल्या होत्या. कॅसेट आणि रेडिओ एकत्र असलेले मोठे टू-इन-वन तिथं बनायचे. पट्ट्यावरून येणाऱ्या प्रत्येक सेटचा रेडिओ नीट जुळवायचा, स्टेशन स्वच्छ येईपर्यंत आतले बारीक स्क्रू फिरवायचे, हे त्यांचं काम. दिवसाला सव्वाशे सेट. ज्या सेटपुढे मुकादम हात टेकायचा, तो फुसाएच्या टेबलावर यायचा. कारखाना परदेशात गेला तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. एका दुरुस्तीच्या दुकानात काम मागायला गेल्या, तर मालक म्हणाला, "बायका सोल्डरिंग करतात. दुरुस्ती वेगळी." त्या घरी आल्या आणि भोजनगृहाचा अर्ज भरला.

टेबल टाकल्यावर पहिली तीन वर्षं किरकोळ कामं येत राहिली. मग एका नोव्हेंबरात शिओझावा किमिए-सान आल्या. ऐंशी वर्षांची बाई, पाठीत वाकलेली, जीभ मात्र ताठ. त्यांची पर्सिमनची शेड आहे. टोमॅटोएवढी नारिंगी फळं सोलायची, दोऱ्यात ओवायची आणि टांगून वाळवायची. महिनाभर सात-आठ बायका तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसतात, आणि दुपारी सुमोची कुस्ती ऐकतात. त्यासाठी १९८० साली सगळ्यांनी मिळून एक भलामोठा टू-इन-वन घेतला होता. तो त्यांनी हातगाडीवर घालून आणला.

"नुसती खरखर," किमिए-सान म्हणाल्या. "पैलवान पडला की उभा राहिला, कळत नाही. शहरातल्या दुकानवाल्यानं सांगितलं, तुमच्या दरीत लहरीच पोचत नाहीत, रेडिओ ठीक आहे."

"तिथं दुसऱ्या कुठल्या रेडिओवर लागतं का?"

"सुनेच्या छोट्या रेडिओवर लागतं. पण सोलायच्या यंत्रापुढं तो डासासारखा गुणगुणतो."

"मग दरीचा काय दोष?" फुसाए-सान म्हणाल्या. "ठेवून जा."

त्यांनी मागचं झाकण उघडलं. आत सगळं काळपट. स्टेशनांचा पट्टा बदलायच्या बटणाचे वीज जोडणारे धातूचे संपर्क तर काजळी धरल्यासारखे. त्यांनी वास घेतला.

"किमिए-सान, फळांना गंधकाची धुरी देता ना, तेव्हा रेडिओ कुठं असतो?"

"तिथंच. फळीवर. त्याला काय होतंय?"

"फळं नारिंगी राहतात, रेडिओ काळा होतो."

"म्हणजे माझ्या फळांचा दोष?"

"धुराचा."

त्यांनी संपर्क पुसून, घासून स्वच्छ केले. जवळचं एक स्टेशन जरा मोठं झालं. सुमोचं स्टेशन मात्र विहिरीच्या तळातून बोलल्यासारखंच. दोन दिवसांनी किमिए-सान बघायला आल्या, कान लावला आणि म्हणाल्या, "कारखान्यात नक्की रेडिओ जुळवत होतीस, की तिथंही भातच शिजवत होतीस?"

मला राग आला. फुसाए-सानचे गाल तापलेले दिसले. त्याच दुपारी त्यांच्या हातून ती चूक झाली. जुळवणीचे ते बारीक स्क्रू म्हणजे आतले ठिसूळ गाभे; कारखान्यापासून ते त्यांनी फक्त प्लास्टिकच्या पेचकसानं फिरवले होते. त्याचं टोक झिजलेलं होतं, गाभा मेणानं घट्ट बसला होता. त्यांनी लोखंडी पेचकस घातला आणि जोर लावला. टक् असा आवाज आला. खडूसारखा गाभा दुभंगला. आता सेट पुरता मुका झाला.

मी म्हटलं, "म्हाताऱ्या वस्तूला होतं असं. सांगा, आपोआप फुटला."

"आपोआप नाही फुटला. मी फोडला." त्यांनी कोट घातला आणि सरळ शेडवर गेल्या. मीही मागोमाग गेलो. सगळ्या बायकांसमोर त्यांनी वाकून सांगितलं, "घाईत मी तुमचा सेट बिघडवला. चूक माझी. नीट करून देईन, पण आणखी थोडे दिवस लागतील."

सुऱ्या थांबल्या. किमिए-साननी हातातलं सोललेलं फळ दोऱ्यात ओवलं. "स्पर्धा पंधरा दिवसांची असते," त्या म्हणाल्या. "आज सहावा."

दुसऱ्या दिवसापासून फुसाए-सान माझी सायकल घेऊन निघायच्या. जुन्या सामानाची तीन दुकानं पालथी घातली. चौथ्या ठिकाणी, भंगारवाल्याच्या अंगणात, त्याच जातीचा एक सेट पावसात पडलेला सापडला. कॅसेटचं दार नव्हतं, आतली, लहरी पकडणारी कांडी दोन तुकड्यांत; पण हवा तो गाभा शाबूत होता. नव्या प्लास्टिकच्या पेचकसानं, श्वास रोखून त्यांनी तो काढला आणि इकडं बसवला. सेट पुन्हा बोलू लागला, पण पूर्वीइतकाच क्षीण.

मग त्यांनी एक लांब तार घेऊन सेटमधल्या कांडीजवळ धरली. ही कांडी म्हणजे या रेडिओचा कान. तिच्यावरच तांब्याच्या तारेचे वेढे असतात. तार जवळ येताच निवेदकाचा आवाज एकदम दुकानभर झाला. मी हातातला पाना टाकला.

"बाकी सगळं ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "दुखणं इथं आहे."

भिंगाखाली त्यांनी मला दाखवलं. एक तार वाटत होती ती केसाहून बारीक तारांची जुडी होती, आणि गंधकानं टोकाशी त्यातल्या बहुतेक खाऊन टाकल्या होत्या. दोनच शिल्लक. त्यांनी एक वेढा सोडवला, खराब टोक कापलं, आणि एकेका केसावरचा लेप खरवडायला बसल्या. एक तुटला की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी बोटं थरथरायला लागली, तेव्हा मनगट टेबलाला कापडानं बांधून घेतलं. मी म्हटलं, राहू द्या आता. त्या म्हणाल्या, "चहा ठेवा."

तिसऱ्या दिवशी सगळ्या तारा जोडल्या गेल्या. एक वेढा कमी झाल्यानं जुळवणी पुन्हा करावी लागणार होती. "ती इथं नाही करायची," त्या म्हणाल्या. "जिथं ऐकायचा तिथं करायची."

स्पर्धेचा बारावा दिवस. शेडमध्ये त्यांनी सेट फळीवर ठेवला, धुरीच्या खोलीपासून दूर. "यंत्र बंद करा."

"फळं सोलली जातील का बंद यंत्रानं?" किमिए-सान गुरगुरल्या.

"बंद करा म्हटलं ना!"

त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. यंत्र थांबलं. डोळे मिटून त्या कांडीवरचं वेटोळं नखानं सरकवत होत्या, मग पेचकस, मग पुन्हा वेटोळं. खरखर पातळ होत गेली. आणि अचानक आखाड्यातला गलका, पंचाची आरोळी, लोकांच्या टाळ्या, सगळं पत्र्याखाली घुमायला लागलं. यंत्र चालू केलं तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता. आमच्या नागानो प्रांताचा पैलवान तेवढ्यात ढकलला गेला आणि हरला. बायकांनी त्याच्या नावानं बोटं मोडली, पण चेहरे फुलले होते.

किमिए-सान उठल्या. त्यांनी फुसाए-सानचे लाल पडलेले हात आपल्या चिकट हातांत धरले. "भात शिजवणारे हात नाहीत हे," त्या म्हणाल्या.

"तोही शिजवला बावीस वर्षं," फुसाए-सान म्हणाल्या. "चांगला शिजवला."

त्या हिवाळ्यात आसपासच्या शेडमधून अकरा सेट आले. मी हौसेनं पाटी करून घ्यायचं ठरवलं: 'सायकल, आणि रेडिओची किरकोळ दुरुस्ती'. रंगाऱ्याकडं द्यायला निघालो, तर त्यांनी कागद हातातून घेतला, 'किरकोळ' खोडलं आणि ब्रश मागून आणला. दुकानाच्या काचेवर त्यांनी स्वतःच लिहिलं: कुवाबारा फुसाए. रेडिओ दुरुस्ती.

पहिली ओळ जरा तिरकी आली. पुसून पुन्हा लिहिली.