दिवा सहाच्या आकड्यावर

अक्कलकोट रोडवरच्या एका प्रशिक्षण केंद्रात मी टॉवेल कारखान्यातल्या सहा बायकांना मोबाइलवर मालाचे फोटो काढायला शिकवत होते. त्या शनिवारी केंद्राचे सर वर्ग पाहायला आले होते. फोटोसाठी उजेड कसा टाकायचा ते बायकांना कळलंय असं त्यांना वाटलं, तर वर्ग माझ्याकडे राहणार. नाहीतर सोमवारपासून पडद्यावर व्हिडिओ.

चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की मी अडखळते. त्यात माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, समजावताना मराठी शब्द ऐनवेळी सापडत नाही. म्हणून मी खेळ तयार केला होता. टेबलावर घरून आणलेला टॉवेल, भोवती जमिनीवर खडूने घड्याळाचे बारा आकडे, कॅमेरा कायम सहावर. तिघींनी बाहेर जायचं. आतल्या तिघींनी कुठल्याही आकड्यावर दिवा धरून फोटो काढायचा. बाहेरच्यांनी आत येऊन, नुसता फोटो बघून आकडा ओळखायचा.

कापड तपासणीचं काम करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांचा एकही आकडा चुकला नाही. "ह्यो दहा. सावली बगा की कुटं पडलीय!" सर हसले. मला हायसं वाटलं.

मग दुसरा भाग. टॉवेल सगळ्यात चांगला दिसेल तिथे दिवा धरायचा. माझं उत्तर ठरलेलं होतं, तीन किंवा नऊ. कडेने उजेड आला की टॉवेलचा मऊपणा दिसतो. पण दोन्ही गटांनी दिवा सहावर, कॅमेऱ्याला चिकटून धरला. फोटोत टॉवेल पुठ्ठ्यासारखा सपाट.

"परत करून बघा," मी म्हणाले. परत सहा. मी तीनकडे बोट दाखवलं.

"तितं नको," मावशी म्हणाल्या.

"का?"

"बरं न्हाय दिसत."

मागे त्यांच्यातल्याच दोन पोरी तेलुगूत काहीतरी कुजबुजल्या आणि हसल्या. आठवडाभर घसा फोडला तो कशासाठी? मी रागाने फळ्यावर दोन्ही गटांना शून्य लिहिलं.

"ओळखता येतंय, वापरता येत नाही," असं म्हणून सर उठून गेले.

तेव्हा मावशींनी दिवा घेऊन तीनवर धरला. "आता बगा." टॉवेलच्या मधोमध उभी रेघ होती, तिथले धागे तुटलेले. "सेकंडचा, खोटीचा माल हाय ह्यो. आमी कडेनं उजेड टाकूनच खोट काढतो. तुमी म्हणला, चांगला दिसाय पायजे. मग समोरनंच की!"

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी घरनं आणला हुता. सायबाम्होरं कसं सांगायचं?"

टॉवेल आईने कपाटातून काढून दिला होता. कडेच्या उजेडातले त्याचे चार-पाच फोटो मी मघाशी आकडे ओळखायच्या खेळातच पाहिले होते. माझं सगळं लक्ष सावलीवर, रेघ दिसलीच नाही.

मी सरांच्या केबिनपर्यंत गेले. चूक टॉवेलची, बायकांची नाही, हे सगळं वाक्य तोंडात तयार होतं. सर फोनवर होते. मला दारात बघून, फोनवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, सोमवारपासून व्हिडिओच लावू."

"ओके सर," मी म्हणाले.

परत आले तर सहाही जणी थांबल्या होत्या. "काय म्हणलं सायेब?" मावशींनी विचारलं. मी सांगितलं.

"आन तुमी काय म्हणला?"

"ओके म्हणाले."

मावशींनी दिवा टेबलावर ठेवला. "टॉवेलच खोटीचा हुता, एवढं तरी सांगायचं की. आमालाच काय कळत न्हाय, असं वाटलं असंल त्यास्नी."

केबिनचं दार अजून उघडंच होतं. मी तिकडे न जाता फळ्यावरची शून्यं पुसली.