सासऱ्यांचा बाबिलोनी राजा

लग्न होऊन मी पुण्याहून तंजावरला आले तेव्हा घरोघर नुकती केबल आली होती. जेवण झालं की माझे सासरे मात्र टीव्हीकडे पाठ करून बाबिलोनच्या गोष्टी सांगत. ओरत्तनाडूच्या शाळेत इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते. त्यांचा लाडका राजा तिथला एक पोरवयाचा. बाप मेला म्हणून गादीवर बसला आणि काही महिन्यांतच दरबाऱ्यांनी कट करून त्याला मारलं.

"दुष्ट म्हणून त्याची कीर्ती," सासरे म्हणत. "पण तें लिहिलं कोणी? त्याच्यामागून ज्यांना गादी मिळाली, त्यांनी!"

ताटं उचलताना सासूबाई विचारत, "आलं का तें पोर परत? त्यासही भात वाढूं?"

त्या वर्षी तंजावर भागात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी मंडळींच्या मेळाव्यात बोलायला सासऱ्यांना बोलावलं. तंजावरच्या राजांवर बोलतील असं सगळ्यांना वाटलं होतं; त्यांनी हा पोरगा निवडला. मला म्हणाले, "तुझी मराठी पुण्याची. नीट करून दे." मी वाक्यं सांगितली, त्यांनी ती तमिळ अक्षरांत उतरवली, कारण देवनागरी त्यांना येत नसे. तमिळमध्ये क-ग एकाच अक्षराने लिहितात, त-दही तसेच, त्यामुळे माझं 'गतप्राण' त्यांच्या तोंडी 'कदप्राण' झालं.

मेळाव्यात दुसऱ्यांदा 'कदप्राण' आलं तशी मुलं हसली. मोठी माणसं सुंडलच्या, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीच्या, पातेल्याकडे बघू लागली. सासरे थांबले. कागद घडी करून खिशात घातला.

"आयांनो, तें लेकरूं होतं हो," ते आपल्या घरच्या मराठीत म्हणाले. "त्याच्या राज्यात माणसं जव, खजूर विकत होती. मातीच्या विटकुरांवर व्यवहार लिहून त्याचं नाव घालत होती. तीं विटकुरं अजून आहेत. बाकी सगळं वैऱ्याच्या तोंडचं."

सगळे ऐकू लागले. पुढे बसलेल्या पापनाशमच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "त्याची आई होती का तेव्हां?"

सासरे म्हणाले, "मज ठाऊक नाही, अक्का."

घरी येताना वाटेत ते मला म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलं मी. हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते तिरुचीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. संध्याकाळी दमून परतले, पण डोळे चमकत होते. पुढच्या रविवारी मला घेऊन पापनाशमला निघाले.

त्या बाईंनी आधी आम्हाला जेवू घातलं. मग सासरे म्हणाले, "अक्का, नक्की कोणीच सांगत नाही. एका पुस्तकात आहे, आई बापाच्या आधीच्या थोरल्या राजाची लेक असावी, म्हणजे तो पोराचा आजा. पोर गेलं तेव्हां ती होती की नाही, तें कुठेच नाही."

बाईंनी त्यांच्या पानात आणखी रसम वाढलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "रडली असेल. तें कोण लिहितो? तुम्ही जेवा."

सासरे खाली मान घालून जेवले. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून, बाहेरच्या भातशेतांकडे बघत, ते मला त्या राजाच्या आजोबांची गोष्ट सांगू लागले.