इंडिया गेटला बंद पडणारी मोटारसायकल

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक नाटकात त्या वर्षी मला घरमालकिणीचं काम मिळालं होतं. तीन अंक, सत्तरेक वाक्यं, दोन कडाक्याची भांडणं आणि एक मूर्च्छा. त्याआधीच्या वर्षांत मी शेजारीण झाले होते, दुसरी शेजारीण झाले होते आणि एकदा पडद्यामागे रडणारं तान्हं बाळ. घरमालकीण म्हणजे काय असते, हे जिने पडद्यामागे बसून टाहो फोडला आहे तिलाच कळेल.

तालमी पहाडगंजच्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये असत, संध्याकाळी सहाला. आमचं सरकारी क्वार्टर लक्ष्मीबाई नगरात. मेट्रो तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. बस वेळेवर आली तर तास लागे आणि नाही आली तर थांब्यावर उभ्या उभ्या माझी वाक्यं दोनदा म्हणून होत. मी ऑफिसातून घरी येऊन, मुलाच्या हातात खाऊ ठेवून निघायची. तेव्हा मी ठरवलं, मोटारसायकल घ्यायची. माझे वडील फौजेत होते. छावणीच्या मैदानावर मी साडी नेसायला लागायच्या आधी मोटारसायकल चालवायला लागले होते.

"स्कूटर घे ना," नवरा म्हणाला. "बायका स्कूटर चालवतात."

"घरमालकिणी चालवत नाहीत," मी म्हटलं.

कँटोन्मेंटमधले एक सुभेदार निवृत्त होऊन साताऱ्याकडे गावी निघाले होते. त्यांची गाडी मी घेतली. "ताई, घोडी आहे घोडी," ते म्हणाले. "फक्त दीड वर्ष जागची हलली नाही." दीड वर्ष जागची न हललेल्या घोडीचं काय होतं, हे मला आयएनए मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या मिस्त्रीने दाखवलं. त्याने एअर फिल्टरचा डबा उघडला, आत वाकून पाहिलं आणि अदबीने म्हणाला, "मॅडम जी, इसमें तो किसी का घर बसा हुआ है." उंदराने आत कागदाच्या चिंध्यांचं बाळंतघर थाटलं होतं. इंजिनमधून ऑइल म्हणून जे निघालं ते काकवीसारखं होतं आणि तितकंच सावकाश उतरत होतं. टायरना भेगा, क्लचच्या केबलचे दोन धागे शिल्लक, ब्रेक दाबला की गाडी थोडा विचार करून थांबे.

तीन रविवार मी त्या मिस्त्रीच्या शेजारी पाटावर बसले. आधी त्याला वाटलं, बाई लक्ष ठेवायला बसलीय. मग त्याने माझ्या हातात पाना दिला. मी प्लग काढायला शिकले, कार्ब्युरेटर उघडून धुवायला शिकले. चेन घरी आणून रॉकेलमध्ये भिजवली आणि टूथब्रशने एकेक कडी घासली. त्या संध्याकाळी नवरा बराच वेळ बेसिनपाशी काहीतरी शोधत होता. मी चेन पुसत राहिले.

गाडी अशी झाली की कॉलनीतली माणसं गॅलरीत येऊन बघू लागली. पहिल्या किकला सुरू, आवाज गोड, चाल सरळ. आणि पहिल्याच तालमीला निघाले तर इंडिया गेटपाशी बंद पडली.

आईस्क्रीमच्या गाड्यांच्या रांगेत मी ती ढकलत नेली. किक मारून मारून पाहिली. टाकी उघडून पाहिली, पेट्रोल भरपूर. थोड्या वेळाने आपोआप सुरू झाली. मी पंधरा मिनिटं उशिरा पोचले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे नेली, तर त्याच्यासमोर शहाण्या मुलीसारखी चालली. त्याने कॉइल बदलली. परत इंडिया गेट. त्याने पेट्रोलचा नळ साफ केला. त्या दिवशी पृथ्वीराज रोडवरच बसली. आईस्क्रीमवाला आता मला ओळखू लागला होता. "आ गईं, मॅडम?" तो म्हणायचा आणि गाडी टेकवायला जागा करून द्यायचा.

नाटक बसवणारे काका एका मंत्रालयात अधीक्षक होते. वक्तशीर इतके की त्यांच्याकडे बघून लोक घड्याळ लावत. तिसऱ्या उशिराला त्यांनी तालीम थांबवली.

"बाई, तुमच्या गाडीला मी नाटकात घेतलेलं नाही," ते म्हणाले. "शनिवारी रंगीत तालीम आहे. वेशभूषा घरूनच करून यायचं, सहाला पडदा. तुम्ही नसलात तर घरमालकीण या करतील."

'या' म्हणजे आमच्या प्रॉम्प्टर वहिनी. शेजारच्याच कॉलनीत राहायच्या, दोन बस बदलून यायच्या आणि रोज पावणेसहाला हजर. विंगेत संहिता मांडीवर घेऊन बसणाऱ्या या बाईला सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ होती, माझी तर माझ्यापेक्षा जास्त.  त्यांनी संहिता मिटली आणि मांडीवरून उचलून छातीशी धरली. मला ते फार लागलं.

घरी येऊन मी, सरकारी नोकर हताश झाला की जे करतो ते केलं. फाईल काढली. विषय : दुचाकी वारंवार बंद पडणेबाबत. वार, टाकीत पेट्रोल किती, कुठे बंद पडली, पुन्हा कशी सुरू झाली, असं आठवेल तितकं सगळं लिहिलं आणि फाईल नवऱ्याच्या चहाशेजारी ठेवली. तोही सरकारीच. चष्मा लावून त्याने ती पूर्ण वाचली आणि समासात शेरा मारला : "टाकी भरलेली असताना गाडी लवकर बंद पडते व रिकामी होत आली असता कॅनॉट प्लेसपर्यंत जाते, हे विचित्र आहे. दरवेळी पुन्हा सुरू होण्यापूर्वी नेमके काय केले? खुलासा व्हावा."

मी लिहिलं : "थांबते. शिव्या देते. झाकण उघडून पेट्रोल बघते, झाकण लावते. किक मारते."

खाली उत्तर आलं : "एका वेळी एकच गोष्ट करून पाहावी. प्रथम शिव्या वगळाव्यात."

शनिवारी मी नऊवारी नेसले. हिरवी, जरीकाठाची. काष्टा घातलेलं लुगडं हे मोटारसायकलीसाठीच शोधून काढलं असावं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. पण ते नेसण्यात माझी वीस मिनिटं गेली, त्यावर नवऱ्याचं हेल्मेट चढवलं आणि निघाले. सफदरजंगच्या मकबऱ्यापाशी सिग्नलला शेजारच्या बसमधली सगळी डोकी एका बाजूला आली. बस कलंडते की काय असं वाटलं. मी मान ताठ ठेवली. इंडिया गेट आलं, आणि गाडीने दोन आचके दिले, खोकली, थांबली.

वीस मिनिटं उरली होती. आईस्क्रीमवाल्याने माझा अवतार वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाला, "आज शादी है क्या, मॅडम?"

नेहमीसारखं सगळं एकदम करून सुटावं, असा मोह झाला. पण मग तेच, पंधरा मिनिटं उशीर आणि विंगेत छातीशी धरलेली संहिता. मी ठरवलं, आज फाईलप्रमाणे. आधी नुसती थांबले. पाच मिनिटं, काटा बघत. किक मारली. काही नाही. मग शेऱ्याचा मान न राखता नुसत्या शिव्या दिल्या, मराठीतून, म्हणजे आईस्क्रीमवाल्याला त्रास नको. किक मारली. काही नाही. मग झाकणाला किल्ली लावली आणि फिरवली.

फुस्स.

गाडीने श्वास घेतला. खरोखर, टाकीने आत हवा ओढल्याचा आवाज आला. मला खदखदून हसू यायला लागलं. पेट्रोल खाली उतरायचं तर त्याच्या जागी वरून हवा आत यायला हवी. ती येत नव्हती. भरलेल्या टाकीत हवा मुळातच थोडी, म्हणून ती लवकर गुदमरायची. आणि मिस्त्री दरवेळी सगळ्यात आधी झाकण उघडायचा, म्हणून त्याच्यासमोर गाडी ठणठणीत.

मी झाकण हातात घेऊन पाहिलं. किल्लीच्या भोकाशेजारी हवेसाठी सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. ते दिसत नव्हतं. तिथे कुंकू होतं.

आता सांगते. गाडी घरी आणली त्या दिवशी मी तिची पूजा केली होती, कुठलीही मराठी बाई करील तशी. दिल्लीच्या वाऱ्यावर सुकं कुंकू टिकत नाही, म्हणून आईने दिलेल्या डबीतलं मेण आधी लावलं आणि त्यावर कुंकू, जुन्या बायका कपाळाला लावायच्या तसं. झाकणावर, बरोबर मानाच्या जागी. पुढे मिस्त्रीकडून गाडी दुरुस्त होऊन आली की मी कृतज्ञतेने आणखी एक थर चढवायची. त्या बिचाऱ्याने तो टिळा कधी खरवडला नाही. उलट झाकण उघडताना बोट टेकवून आधी कपाळाला लावायचा. दिल्लीच्या उन्हात मेण वितळून आत उतरलं होतं आणि घट्ट बसलं होतं. म्हणजे गाडी जितकी दुरुस्त होत होती, तितकी मी तिला भक्तिभावाने बुजवत होते.

फाईलवर मी नंतर याची नोंद केली : "हवेच्या मार्गात बाह्य पदार्थ साचल्याने अडथळा निर्माण झाला होता. तो दूर करण्यात आला आहे." नवऱ्याने विचारलं, "पदार्थ कोणता? कोणाकडून साचला?" मी लिहिलं, "प्रकरण निकाली." सरकारी भाषेत कर्ता लागत नाही, ही त्या भाषेची माझ्यावर मोठी कृपा.

पण तिथे, इंडिया गेटला, माझ्याकडे हत्यार नव्हतं. मी पदराची सेफ्टी पिन काढली. पदर दातांत धरला आणि त्या भोकातून मेण कोरून कोरून काढलं. शेवटी झाकणाला तोंड लावून फुंकर मारली. ती आरपार गेली. ओठ लाल झाले, पेट्रोलची चव आली आणि मला आयुष्यात इतकी चवदार गोष्ट क्वचित मिळाली आहे.

"क्या निकला, मॅडम?" आईस्क्रीमवाल्याने विचारलं.

"मेरा ही किया हुआ," मी म्हटलं आणि किक मारली.

मंडी हाऊस गेलं. कॅनॉट प्लेसला अर्धी चक्कर मारली. गाडी थांबली नाही. पहाडगंजच्या गर्दीत हातगाड्या आणि रिक्षा बाजूला होत गेल्या. हिरव्या नऊवारीतली हेल्मेटवाली बाई हॉर्न वाजवत आली तर कोण अडवणार. शाळेच्या फाटकात गाडी लावली तेव्हा हॉलमधून तिसरी घंटा ऐकू आली. मी पळत आत गेले. वहिनींनी माझा खोटा अंबाडा लावून घेतला होता, त्यांच्या कपाळावर माझं मोठं कुंकू होतं आणि काका घड्याळाकडे बघत होते. भाडेकरू रंगमंचावर उभा राहून आपलं पहिलं वाक्य घोळवत होता, "मालकीणबाई तर आज दिसत नाहीत."

"दिसतील," मी दारातूनच माझं पहिलं वाक्य फेकलं, हेल्मेट डोक्यावर ठेवूनच. "भाडं कुठाय?"

हॉल हसला. काकांनी घड्याळ खिशात ठेवलं. "सहाला एक मिनिट कमी आहे," ते म्हणाले. "हेल्मेट काढा. ओठ पुसा. चलो."

वहिनींनी अंबाडा उतरवून माझ्या हातात दिला. त्यांनी माझा पदर नीट केला, त्याला स्वतःची पिन लावली आणि संहिता घेऊन विंगेत जाऊन बसल्या. तिन्ही अंकांत त्यांना माझ्यासाठी एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. मी त्यांना ती संधीच दिली नाही.

तालीम संपल्यावर त्या फाटकाशी उभ्या होत्या. "बस गेली असेल माझी," त्या म्हणाल्या. "ही तुमची थांबणार नाही ना वाटेत?"

"बसा, वहिनी."

त्या जपून मागे बसल्या, माझा खांदा घट्ट धरला. कॅनॉट प्लेस मागे पडलं. मग माझ्या कानाशी, अगदी पाठ म्हणून दाखवावीत तशी, माझी वाक्यं म्हणायला लागल्या. पहिला अंक, दुसरा अंक, हातवाऱ्यांसकट, इतके की गाडी हलायला लागली. खरं सांगते, दुसऱ्या अंकाचं भांडण त्या माझ्यापेक्षा चांगलं करत होत्या. इंडिया गेटच्या गोलाला मी गाडी दामटली तेव्हा त्या तिसऱ्या अंकात होत्या, आणि तिथे एका वाक्याला अडखळल्या.

मी मान न वळवता, हेल्मेटमधून, त्यांना पुढचा शब्द दिला.