अजून बुळबुळीत आहे

माझ्या मेहुण्याविषयी लिहायला बसलो खरा, पण तो मला फारसा कळला नव्हता हे आधीच सांगून टाकलेलं बरं. इतकी वर्षं दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा, आणि आम्हा दोघांचं बोलणं पंखा, पाणी आणि बस यांच्यापलीकडे क्वचितच जायचं. मला बोलण्याचा संकोच आणि त्याला एकूण माणसांचाच. खाली सांगतोय त्यातलं बरंचसं मी त्याच्या बायकोकडून आणि त्याच्या बंबाच्या ड्रायव्हरकडून तुकड्यातुकड्याने ऐकलं. जोडताना कुठे गफलत झाली असेल तर ती माझी. लिहिण्याची मला सवय नाही.

तो फायर ब्रिगेडमध्ये होता. तिथली मंडळी त्याला नाकमुरड्या म्हणायची, आणि ते नाव त्याने स्वतःच्या कर्तबगारीने मिळवलं होतं. आमच्याकडे आला की वाढायला घेतलेलं ताट तो नळाखाली पुन्हा विसळायचा, तेही माझ्या बायकोच्या, म्हणजे त्याच्या ताईच्या देखत. "मी काय ते उकिरड्यावरून उचलून आणलंय?" असं ती दर रविवारी विचारायची, आणि हा दर रविवारी ताट निथळत उभा राहायचा. बसमध्ये दांडी धरायची वेळ आली तर कोपराने धरायचा. कुणी हात पुढे केला की याचे दोन्ही हात कुठल्या तरी पिशवीत अडकलेले असायचे. शेजारी कुणी शिंकलं तर याचा चेहरा असा व्हायचा की शिंकणाऱ्याने माफी मागून उठून जावं. मला त्याचा राग यायचा, पण मी तो कधी बोलून दाखवला नाही. बायको बोलायची तेवढं पुरे होतं.

असा माणूस त्या नोकरीत टिकला कसा, हे मला कोडंच होतं. फायर ब्रिगेड म्हणजे आग, एवढीच माझी समजूत. पण गटारात अडकलेलं कुत्रं, विहिरीत फुगलेलं प्रेत आणि शहराबाहेरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सांडणारी नाना तऱ्हेची रसायनं, हे सगळं त्यांच्याच वाट्याला येतं. आगीचं त्याला काही वाटत नसे. आग स्वच्छ असते, असं तो मला एकदा म्हणाला होता. उरलेल्या सगळ्याची त्याला किळस.

त्याच्या साहेबांनी ही खोड हेरली आणि कामाला जुंपली. ॲसिड किंवा तसलंच जाळणारं काही सांडलं की हे लोक जमिनीवर एक रेघ आखतात. रेघेच्या आत घाण, बाहेर स्वच्छ. आत जाऊन आलेल्याला रेघेवरच उभं करून आधी भरपूर पाण्याने धुवायचं, मग अंगावरचा रबरी सूट, बूट, हातमोजे बाहेरची बाजू आत जाईल अशा बेताने सोलून काढायचे आणि मगच त्याला रेघ ओलांडू द्यायची. ही रेघ नाकमुरड्याच्या ताब्यात होती. तो काखेत बघायचा, बकलांच्या फटीत बघायचा, कानामागे बघायचा. दमून आलेली, घशाला कोरड पडलेली माणसं शिव्या घालायची. "लहानपणी आईनेसुद्धा मला इतकं घासलं नाही," असं त्यांच्यातला एक जण म्हणाला, तेव्हा हा हातातला ब्रश न थांबवता म्हणाला, "म्हणूनच असा राहिलास." पण त्याच्या रेघेवरून कुणाच्या मानेवरचा फोड किंवा बुटाला लागलेला थेंब कधी घरी गेला नाही, हे सगळे मान्य करायचे.

त्या दुपारी साबणाच्या कारखान्याकडे निघालेला एक टँकर वळणावर आडवा झाला. त्यात कॉस्टिक सोड्याचं दाट पाणी होतं. दिसायला साखरेच्या पाकासारखं, वास म्हणाल तर अजिबात नाही. हे अंगाला लागलं की आधी बुळबुळीत लागतं, साबण लागल्यासारखं. आणि ते तसं का लागतं, तर अंगातल्या चरबीचा खरोखरच साबण होत असतो म्हणून. प्रशिक्षणात हे ऐकून आला त्या दिवशी नाकमुरड्याने ताट बाजूला सारलं होतं, असं त्याची बायको सांगते.

टँकरचा ड्रायव्हर फुटलेल्या काचेतून सरपटत बाहेर पडला तो नेमका त्या ओघळात. बंब पोहोचला तेव्हा तो रस्त्यावर चेहरा धरून गडबडा लोळत होता. त्याचा जेवणाचा ॲल्युमिनियमचा डबा ओघळात पडून बुडबुडे काढत काळा पडत चालला होता. काही जण गटाराच्या तोंडाशी वाळूचा बांध घालायला धावले, दोघांनी ड्रायव्हरला उचलून रेघेवर आणला. नाकमुरड्याने त्याचे कपडे कात्रीने कापले, चामड्याचा पट्टा आणि चपला लांब भिरकावल्या आणि पाणी सोडलं.

अंग धुतलं गेलं. राहिले डोळे. ड्रायव्हरने ते इतके घट्ट मिटून घेतले होते की पाणी पापण्यांवरूनच वाहून जात होतं. थेंबभर आत जात नव्हतं. पापण्या उघडल्या नाहीत तर दोन्ही डोळे जाणार हे उघड होतं, आणि जाड रबरी मोज्यांच्या चिमटीत पापणी सापडत नव्हती. आतले पातळ मोजे घामाने भिजून फाटले होते. "त्याने मोजे उपसले तेव्हा मला वाटलं, हा आता दुसऱ्या कुणाला तरी हाक मारणार," बंबाचा ड्रायव्हर मला म्हणाला. "तर याने उघडी बोटं घातली."

त्या माणसाच्या भुवईचे केस ओल्या कागदाच्या लगद्यासारखे सुटून बोटांना चिकटले. कातडी हाताखालून सरकत होती. नाकावरून, ओठांवरून शेंबूड आणि लाळ यांचा चिकटा वाहत होता. ड्रायव्हरला कळ असह्य झाली आणि तो भडभडून ओकला, ते सगळं नाकमुरड्याच्या छातीवर. नाकमुरड्याने मान वळवली आणि तोही ओकला. पण पापणी धरलेली बोटं जागची हलली नाहीत. एका डोळ्याचं पाणी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून त्याने ड्रायव्हरचं डोकं एका अंगाला कलतं धरलं होतं, ते तसंच राहिलं.

एवढं चाललं असताना भोवती काय होतं तेही सांगतो. टँकरच्या पलीकडच्या बाजूला माणसं रिकामे कॅन घेऊन आली होती आणि नळी लावून डिझेल काढत होती. वाळू टाकणाऱ्या एका जवानाला त्यांच्यातल्या एकाने जरा बाजूला सरकायला सांगितलं, नळीला पीळ पडतोय म्हणून. बाकीचे मोबाइल उंच धरून उभे होते. आणि कारखान्याचा सुपरवायझर, इस्त्रीच्या शर्टातला, नाकावर रुमाल धरून रेघेजवळ आला. आमची गाडी आणलीय, आमच्या डॉक्टरांना फोन केलाय, याला आमच्या ताब्यात द्या, उगाच सरकारी दवाखाना आणि पोलीस कशाला, असं त्याचं पालुपद चाललं होतं.

मग ड्रायव्हर शांत झाला. हातपाय झाडणं थांबलं. "दुखायचं थांबलंय," तो म्हणाला. "सोडा मला आता."

सगळ्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात ॲम्ब्युलन्सही आली. साहेबांना खोळंबलेली वाहतूक दिसत होती, बंबातलं उतरत चाललेलं पाणी दिसत होतं. पुरे आता, म्हणाले.

"अजून बुळबुळीत आहे," नाकमुरड्या म्हणाला.

"अहो, एवढं पाणी ओतल्यावर ओलं लागणारच," सुपरवायझर रुमालाआडून म्हणाला.

"ओलं कुठलं आणि बुळबुळीत कुठलं, हे मला कळतं. सगळा जन्म हात धुण्यातच गेलाय माझा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. दुखायचं थांबलं म्हणजे जळायचं थांबलं असं नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होतं, फक्त त्या गडबडीत ते आठवणं सोयीचं नव्हतं. त्यांनी ॲम्ब्युलन्सच्या माणसाला बोलावलं आणि पाण्याचे कॅन आत चढवायला सांगितले. दवाखान्यापर्यंत धार तुटता कामा नये. मग प्रश्न आला तो धार धरणाऱ्याचा. नाकमुरड्याचा सूट गळ्यापर्यंत बरबटलेला, आणि त्या अवतारात रेघ ओलांडायची नाही हा त्याचाच कायदा. साहेब दोघा जवानांना म्हणाले, "याला इथेच सोला."

त्यांनी सोलला. त्याची बोटं ड्रायव्हरच्या पापण्यांवर आणि हे दोघे त्याच्या अंगावरून सूट कापताहेत. ज्याने वर्षानुवर्षं त्यांना घासलं होतं त्याला त्यांनी त्या दिवशी मनापासून घासून घेतलं, अगदी कानामागेसुद्धा. आणि चार लोकांदेखत सदराही न काढणारा हा माणूस, मोबाइलच्या गर्दीसमोर नुसत्या चड्डीवर ॲम्ब्युलन्समध्ये चढला. तो व्हिडिओ आमच्या बिल्डिंगमध्येही फिरला. माझी बायको आठवडाभर जिना उतरताना मान वर करत नव्हती.

ड्रायव्हरचा डावा डोळा गेला. उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा झाला. उजवा राहिला.

नाकमुरड्याच्या बोटांची कातडी सोलून निघाली आणि नवी आली ती गुळगुळीत, रेषा नसलेली. दुसरा बदल असा झाला की त्याने साबण सोडला. तो माणूस, आणि साबण सोडला. नुसत्या पाण्याने चोळत बसायचा, बोटं पांढरी पडेपर्यंत. बायकोने विचारलं तर म्हणायचा, हाताला लागला की तो चेहरा लागतो. याहून जास्त त्याने कुणाला सांगितलं नाही.

कारखान्याने त्याचा सत्कार ठरवला. माझी बायको म्हणाली मीही येणार, म्हणून मीही गेलो आणि दुसऱ्या रांगेत बसलो. भाषणं झाली. माणुसकी, धैर्य, समाज वगैरे. टँकरच्या ड्रायव्हरचं नाव कुणी काढलं नाही, कारण तो कारखान्याचा माणूस नव्हता, वाहतूकवाल्याचा होता, आणि एव्हाना वाहतूकवाल्याचाही राहिला नव्हता. मग तोच सुपरवायझर पुढे आला, या वेळी रुमालाशिवाय, आणि त्याने नाकमुरड्याच्या हातात लाल फीत बांधलेलं एक मोठं खोकं ठेवलं. वर झाकण काचेसारखं, आत गुलाबी, पिवळे, हिरवे साबण ओळीने मांडलेले.

मी त्याचा चेहरा बघत होतो. शिंकणाऱ्यांना बघून व्हायचा तो चेहरा मला पाठ होता. हा तो नव्हता. नाक अजिबात मुरडलेलं नव्हतं. तो नुसता बघत होता, आधी खोक्याकडे, मग सुपरवायझरच्या पुढे आलेल्या हाताकडे. तो हात तसाच हवेत राहिला. मग नाकमुरड्याने खोकं खुर्चीवर ठेवलं आणि तो व्यासपीठावरून उतरला. लोक समजुतीने हसले. तो असाच आहे, कुणाला हात लावत नाही, असं माझ्या शेजारचा माणूस मला सांगू लागला.

बाहेर पडल्यावर माझ्या बायकोने तोंडाचा पट्टा सुरू केला. वर्षाचे साबण होते, तुला नको होते तर मला द्यायचेस, चारचौघांत शोभा करून घेतलीस. स्टॉपवर आल्यावर तो मला म्हणाला, "त्याला वास नसतो, भाऊजी. कॉस्टिकला. तरी नाकाला रुमाल लावून उभा होता तो." बस आली.

त्यानंतर रविवार येत राहिले. साहेबांकडे मागून त्याने रेघ सोडली आणि बंबावर पंप चालवायचं काम घेतलं. माणसांची किळस त्याला पूर्वी यायची ती उलट कमी झाली होती, असं त्याची बायको म्हणते. मला मात्र वाटतं, ती कमी झाली नव्हती, तिने घर बदललं होतं. पण हे माझं वाटणं. त्याला विचारायचं राहिलं. एका आठवड्यात त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

त्याच्या आधीच्या रविवारी जेवून निघताना तो दारात चपला घालत होता. त्याची ताई आत ओटा पुसत होती.

"भाऊजी, तुमचा वॉचमन सोडून गेला ना?"

"गेला. का रे?"

"तो टँकरवाला आहे. त्याला कुणी काम देत नाही."

मी म्हणालो, बिल्डिंगमधले लोक शंका काढतील. वॉचमनला दिसायला नको का?

"दिसतं त्याला. मी जाऊन बघून आलो. रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बोटं मोजायला लावली."

चारचौघांत उठून बोलायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं, हे त्याला माहीत होतं की नाही कोण जाणे. बोलतो म्हणालो. तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

"आणि तुमच्या जिन्याच्या वळणावर लोक थुंकतात. ते तेवढं बघायला सांगा त्याला. शिसारी येते."

"सांगतो," मी म्हणालो.