नीळ लावून झिजवलेल्या खुर्च्या

"ह्या खुर्च्यांना गोवर निघालाय का?"

आण्णांनी हा प्रश्न कुणा एकाला विचारला नव्हता. शेडमध्ये उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना मिळून विचारला होता. समोर डझनभर लाकडी खुर्च्या, चार टेबलं आणि गल्ल्याचं एक काउंटर ओळीने मांडलेलं. सगळ्यांना फिकट क्रीम रंग, आणि ठरावीक जागी तो घासून खालचा गडद हिरवा दाखवलेला. काम अव्वल झालंय अशी माझी पक्की समजूत होती. आण्णांचा मुलगा सागर माझ्याकडे बघत होता, मी आमचे हेड पेंटर बबनराव यांच्याकडे, आणि बबनराव छताच्या पत्र्याकडे.

मी चाकणला गाड्यांच्या एका कंपनीत पेंट शॉपला होतो. पेंट शॉप म्हणजे गाडीच्या बॉडीला रंग देणारा विभाग. त्यातही माझं काम इन्स्पेक्शनचं. रंगवलेली बॉडी ट्यूबलाइटच्या बोगद्यातून पुढे सरकायची आणि आम्ही तिच्यावरचा डाग, ओघळ, धुळीचा कण शोधायचो. सापडला की बॉडी बाजूला. सगळी नोकरी यात गेल्यावर नजर बिघडतेच. अजूनही लग्नाला गेलो की सजवलेल्या गाडीच्या दारावरचा ओघळ मला आधी दिसतो आणि नवरदेव नंतर.

रिटायर झाल्यावर मला घरी बसवेना. बबनराव आणि आणखी दोघं पेंटर माझ्याच लाइनवरचे. रंग मारायला रोबोट आले आणि हे तिघे लाइनवरून कमी झाले. आम्ही चौघांनी मिळून चिखलीत एक शेड घेतली आणि जुनं लाकडी फर्निचर रंगवून द्यायला लागलो. कुणाचं कपाट, कुणाचा देव्हारा, अशी किरकोळ कामं यायची. शेडचा मालक ती जागा भंगाराच्या गोडाऊनला द्यायला टपलेला होता. "काम नसेल तर जागा सोडा साहेब, उगाच अडवून ठेवू नका," असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. तेवढ्यात सागरशेठचं काम आलं. ते हातचं गेलं असतं, तर चौघांनी पुन्हा घरची वाट धरायची, हे आम्हाला न बोलता कळत होतं.

आण्णांचं राजगुरुनगरला स्टँडजवळ चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. रस्ता रुंद झाला आणि त्यात ते गेलं. तेव्हापासून आण्णा घरात बसून टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यांशी भांडायचे. सागर हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत होता. ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य जातंय म्हणून त्याने नोकरी सोडली आणि चऱ्होलीत, नव्या सोसायट्यांच्या मधोमध, हॉटेल काढायचं ठरवलं. फर्निचर वडिलांच्या हॉटेलातलंच वापरायचं होतं. फक्त फिनिश 'डिस्ट्रेस्ड' पाहिजे, म्हणाला, आणि मोबाइलवर फोटो दाखवले.

बबनरावांनी फोटो लांब धरून पाहिला. "म्हणजे काय करायचं?"

"नवा रंग द्यायचा, पण तो वापरून वापरून झिजलाय असं दिसलं पाहिजे," सागर म्हणाला.

"रिजेक्ट पीस बनवायचा म्हणा की."

सागरची अट एकच होती. "सर, आण्णा हो म्हणाले तरच हे फर्निचर. मला त्यांना गल्ल्यावर बसवायचंय. त्यांना पटलं नाही, तर मी सरळ प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणतो आणि हे सगळं भंगारात."

ही फिनिश देण्याची रीत अवघड नाही. जुनं लाकूड धुऊन, घासून साफ करायचं. मग गडद रंगाचा एक हात. तो वाळला की जिथे झीज दाखवायची तिथे मेणबत्ती घासायची. त्यावर फिकट रंगाचा दुसरा हात. मेणावर रंग धरत नाही, त्यामुळे पॉलिश पेपर फिरवला की तेवढ्याच जागेचा वरचा रंग निघतो आणि खालचा दिसतो. शेवटी वरून न चमकणाऱ्या लॅकरचा पारदर्शक हात. झालं.

घोडं अडलं ते आमच्या सवयीत. मी एका खुर्चीवर झीज करून ओके सॅम्पल ठरवलं. ओके सॅम्पल म्हणजे 'बाकीचा माल हुबेहूब असाच हवा' असा नमुना. बबनरावांनी त्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापला. प्रत्येक खुर्चीचे चारही कोपरे, प्रत्येक टेबलाची चारही टोकं, सगळीकडे एकाच मापाची, एकाच आकाराची झीज. एका खुर्चीच्या पाठीवर चुकून जास्तीचा ओरखडा गेला होता. तो बबनरावांनी बारीक ब्रशने टचअप करून बुजवला. आणि मी, सुजाण माणूस, त्याबद्दल त्यांची पाठ थोपटली!

आण्णा आता एका खुर्चीपाशी वाकले होते. "खुर्ची मानूस बसून झिजती. हितं कोण बसलं व्हतं? उंदीर?"

"आण्णा, फॅशन आहे ही," सागरने बाजू सावरून पाहिली.

"आसंल. पर माझ्या हाटेलातलं न्हाई हे." आण्णा काठी टेकत बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले.

सागर पडेल चेहऱ्याने म्हणाला, "सर, रविवारी परत आणतो त्यांना. जमलं तर ठीक. नाहीतर टेम्पो बोलावतो."

तो गेल्यावर बबनराव उकिडवे बसले. "कंपनीत एक डाग राहिला तर मेमो मिळायचा. हितं मापात डाग पाडले तरी शिव्याच." मला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. कारण आण्णांचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या झिजेला काही कारणच नव्हतं. ती नुसती छापल्यासारखी होती.

मग झीज नेमकी होते कुठे? आम्ही अंदाज बांधायला बसलो. बबनराव म्हणाले हातांवर, दुसरा म्हणाला पायांवर, तिसरा म्हणाला सगळीकडेच. अंदाजावर कामं करायची मला कधी सवय नव्हती. मी वैतागून शेजारच्या शेडमध्ये चहाला गेलो. तिथे टूल रूम आहे, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे लोखंडी साचे, डाय, बनवण्याचं काम चालतं. एक फिटर डायच्या एका भागाला निळा रंग चोपडत होता. ते नेहमीचंच काम. डायचे दोन भाग एकमेकांवर नीट बसतात की नाही हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून एकाला ब्लू लावायचा आणि दुसरा त्यावर दाबायचा. जिथे निळं उमटलं तिथे टेकतंय, जिथे कोरं तिथे टेकत नाही. अप्रेंटिस असताना मी स्वतः हे हात निळे होईपर्यंत केलं होतं.

चहा तसाच ठेवून मी परत पळालो.

"बबनराव, सगळ्या फर्निचरला क्रीमचा नवा हात मारा. मेणबिण काही नाही. कोरं करकरीत करा."

"आणि मग?"

"मग नीळ आणा. कपड्यांना लावतात ती."

टूल रूमचा ब्लू तेलकट, तो रंगात मुरला असता. म्हणून मी निळीची पूड टाल्कम पावडरमध्ये कोरडीच मिसळली. रंग पक्का वाळल्यावर टूल रूमच्या मंडळींना दुपारच्या सुट्टीत मिसळ खायला बोलावलं. अट एवढीच, की हातांना, कोपरांना, पँटच्या मागे आणि बुटांना ही पावडर लावून घ्यायची आणि मग नेहमीसारखं बसायचं.

नेहमीसारखं बसतील तर शप्पथ! सगळे मुलगी बघायला आल्यासारखे ताठ. हात मांडीवर, पाय जुळवलेले. एकजण तर मला विचारतो, "साहेब, आता टेकू का?"

मग बबनरावांना सुचलं. त्यांनी टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून मोबाइल उभा केला आणि क्रिकेटची मॅच लावली. थोड्याच वेळात आमची आठवणसुद्धा कुणाला राहिली नाही. एकाने खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलली. एकाने शेजारच्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात टाकला. दुसऱ्याने खुर्चीच्या आडव्या पट्टीत बूट अडकवले. कॅच सुटला तेव्हा चौघांनी मिळून टेबलावर मूठ आपटली आणि मिसळीचा कट सांडला. मी कोपऱ्यात उभा राहून आनंदाने नुसता थरथरत होतो. त्यांना वाटलं मीही मॅच बघतोय.

मंडळी गेली आणि आम्ही फर्निचरभोवती गोळा झालो. ज्या कोपऱ्यांवर आम्ही इतकी मेहनत घेतली होती, ते बहुतेक कोरे होते! तिथे माणसाचा हात जातच नाही. नीळ होती ती पाठीच्या वरच्या पट्टीवर, आणि तीही एका बाजूला जास्त, कारण खुर्ची ओढायला माणूस एकच हात लावतो. पुढच्या आडव्या पट्टीवर बुटांचे ठसे. टेबलाच्या कडेला खालच्या अंगाने बोटांची रांग, कारण खुर्ची पुढे सरकवताना सगळे टेबलच धरतात. दोन खुर्च्या एकसारख्या नव्हत्या.

"आयला, मानूस हितं धरतो व्हय!" बबनराव टेबलाखाली डोकं घालून ओरडले.

पुढचं काम सरळ होतं. नीळ दाट तिथे पॉलिश पेपर लाकडापर्यंत न्यायचा. विरळ तिथे हिरवा दिसला की थांबायचं. कोरं असेल तिथे हात लावायचा नाही, उरलेली पावडर फडक्याने पुसून घ्यायची. बबनरावांचा हात सारखा दोन्ही बाजू समान करायला धावायचा. मी ओरडायचो, "बबनराव, नीळ सांगेल तसं! जास्त हुशारी नको." ते पुटपुटायचे, पण ऐकायचे.

काउंटर मात्र अडलं. बबनरावांनी गल्ल्यामागे बसून पाहिलं, तर ते पाहुण्यासारखे बसले. मी बसलो, तर इन्स्पेक्शनला बसल्यासारखा. शेवटी काउंटर तसंच क्रीम ठेवलं आणि मी देवाचं नाव घेतलं.

रविवारी आण्णा आले. एका खुर्चीची पाठ धरून त्यांनी ती ओढली, बसले, आणि त्यांची चप्पल आपोआप खालच्या पट्टीवर गेली. बरोबर घासलेल्या जागेवर. त्यांनी टेबलाच्या कडेखाली बोटं घालून खुर्ची पुढे सरकवली आणि तिथल्या झिजेवरून बोटं फिरवली.

"हे बरं हाय," ते म्हणाले. मग काउंटरकडे मान वळवली. "आनि ह्ये? ह्ये कोरंच की."

"ते तुमच्याशिवाय होत नाही आण्णा. हात पुढं करा."

मी त्यांच्या तळव्यांना आणि कोपरांना नीळ लावली. "धुनं धुवायचंय काय?" ते कुरकुरले, पण गल्ल्यामागे जाऊन बसले. बसले तेही अवघडून. म्हणून मीच गिऱ्हाईक होऊन पुढे गेलो. "आण्णा, दोन चहा, एक भजी झाली."

त्यांचा डावा कोपर काउंटरवर टेकला. उजव्या हाताने ड्रॉवर ओढला, हवेतली मोड उचलून माझ्या हातावर ठेवली आणि गुडघ्याने ड्रॉवर ढकलून बंद केला. नजर माझ्यावरून मागे गेली, जणू तिथे जुन्या हॉटेलातला पोऱ्या उभा होता. "अय पांड्या! तीन नंबरला पानी दे की! कवाची बसल्यात मानसं!"

आवाज सगळ्या शेडमध्ये घुमला. टूल रूमवाले दारात येऊन उभे राहिले. बबनराव लगोलग पुढे झाले, "आण्णा, एक मिसळ, पाव जास्तीचा." आण्णांनी पुन्हा ड्रॉवर ओढला. सागर खांबाला टेकून तोंडावर हात धरून बघत होता. त्याचे डोळे भरले होते आणि माझेही भरले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आण्णा उठल्यावर आम्ही काउंटर पाहिलं. डाव्या कोपऱ्याजवळ कोपराची दाट नीळ. ड्रॉवरच्या मुठीला मात्र एक कणही नाही. आण्णा ड्रॉवर खालच्या कडेला बोटं अडकवून ओढायचे. एवढी वर्षं तसाच ओढला, म्हणाले, मूठ कधीचीच ढिली होती.

मी बबनरावांना खूण केली. त्यांनी पॉलिश पेपर घेतला, तर आण्णांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "द्या हिकडं. माझा गल्ला मी झिजिवतो." आणि निळ्या हातांनी ते ड्रॉवरची कड घासत बसले. घासता घासता, मान वर न करता, सागरला म्हणाले, "उद्घाटन कवा हाय?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा, आण्णा."

"मंग दोन नवे सदरे शिवाया टाक. गल्ल्यावर काय बनेनवर बसू?"

चऱ्होलीचं हॉटेल जोरात चालतं. आण्णा गल्ल्यावर असतात आणि गिऱ्हाइकांशी भांडतात, त्यामुळे टीव्हीवरची मंडळी सुटली. तिथलं फर्निचर पाहून आमच्याकडे कामं येऊ लागली. शेडच्या मालकाने भंगारवाल्याला दुसरी जागा दाखवली. नवं काम आलं की आम्ही आता आधी मिसळ मागवतो आणि नीळ पाण्यात भिजवायची नाही, कोरडीच टाल्कममध्ये मिसळायची, हे नव्या पेंटरला सांगतो. हो, नवा पेंटरही घ्यावा लागला.

पेंट शॉपमध्ये डाग दिसला की आम्ही त्याचं कारण शोधायचो. आता आधी कारण शोधतो आणि मग डाग पाडतो. काम तेच आहे, फक्त डाग राहिला म्हणून कुणी मेमो देत नाही.