दोन गावांच्या मधलं बाळ

लहान मुलांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या आमच्या बारामतीच्या संस्थेत नवी पद्धत आणली ती मीच. आधी आमच्या वयस्कर सिस्टर एका जाड वहीत आईचं नाव, तिचं माहेर, सासर, दोन्हीकडच्या घराच्या खुणा असं सगळं गिचमिड लिहायच्या. मला त्या वहीचा भयंकर राग यायचा. मी गावागणिक याद्या केल्या, मोबाइलवर टाकल्या. गावाला एक कार्यकर्ती, आणि तिनं आपल्या यादीतल्या नाजूक बाळांचं दर आठवड्याला घरी जाऊन वजन करायचं. सगळ्यांनी वाहवा केली आणि, खोटं कशाला बोलू, मी फुशारले.

एका बुधवारच्या बैठकीत सिस्टरनी सहज विचारलं, "लासुर्ण्याचं ते कमी दिवसांचं बाळ कसं आहे गं?"

मी मोबाइल उघडला. लासुर्ण्याच्या यादीत बाळच नव्हतं.

तिथली कार्यकर्ती म्हणाली, "मॅडम, सव्वा महिना झाला तशी बाळबाळंतीण सासरी गेली की. वडगाव निंबाळकरला. म्हणून काढलं." वडगावची कार्यकर्ती तिच्या शेजारीच बसली होती. तिला या बाळाचा पत्ताच नव्हता. एक गाव इंदापूर तालुक्यात, एक बारामतीत. तीन आठवडे ते बाळ कुणाच्याच यादीत नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, मग लेक सासरी जाते, हे काय मला माहीत नव्हतं? मी स्वतः माझं लेकरू घेऊन तशीच आले होते! याद्या करताना अक्कल कुठं गहाण टाकली होती, देव जाणे.

आमच्याकडचा नंबर बाळाच्या आईच्या वडिलांचा. तो लागेना. मी, सिस्टर आणि वडगावची कार्यकर्ती जीपमध्ये बसलो. पुढं उसाचे दोन ट्रॅक्टर, वाट काही सोडेनात. मी ड्रायव्हरवर उगाचच खेकसले. सिस्टर मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्या रस्ताभर मी मनात एकच घोकत होते, बाळ दूध पीत असू दे, बाकी काही नको.

वडगावात चार ठिकाणी विचारून घर सापडलं. गोठ्याजवळ सासूबाई भेटल्या, आम्ही बाळाला बघायला आलोय म्हटल्यावर खूश झाल्या.

"लई गुणाचं हाय बगा. अजाबात रडत न्हाय. निस्तं झोपून असतंय."

सिस्टर चपला काढायलाही थांबल्या नाहीत, तशाच आत गेल्या. बाळाचे पाय गार होते. वजन केलं तर माहेरी शेवटचं भरलं होतं त्याहूनही कमी. सिस्टरनी बाळ आईच्या उघड्या छातीशी धरलं, वरून गोधडी लपेटली आणि म्हणाल्या, "चला, लगेच." सासूबाई कावऱ्याबावऱ्या होऊन आमच्या मागं धावल्या.

बारामतीच्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर बाहेर यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. शेवटी ते आले. "वाचेल. पण आजच आणलंत म्हणून."

मी त्या पोरीशेजारी जाऊन बसले. माफी मागायची होती. माझी चूक तिला कुठल्या तोंडानं सांगू?

तिनंच माझा हात धरला. "मॅडम, त्ये पीत न्हाय म्हणून मला लई भ्या वाटायचं. रोज वाट बगायची मी. पर वजनाला कुणीच आलं न्हाय. मंग म्हणलं, बाळ चांगलंच आसंल. न्हायतर तुमी गप बसला असता व्हय?"