शेजारच्या खाटेवरचा ठेचा

पाण्याचा घोट गिळताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमकी तेव्हाच दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरची शारदा भाकरी-ठेचा घेऊन बसली. माझी जीभ, टाळू, घसा सगळं पांढऱ्या बुरशीनं भरलं होतं. दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरायची असते, नाहीतर तोंडात बुरशी धरते. औषध वाया जाईल म्हणून मी ती कधी भरलीच नाही.

"आजी, नुसतं बघून पोट भरतं का? घास देऊ?"

"तुझा तू गीळ."

नर्सनं दिलेलं बुरशीचं औषध तोंडात घोळवत मी तिचा हलणारा जबडा बघायची. कुणाच्या सोन्याचा, सुनांचा मला कधी हेवा वाटला नाही. चावणाऱ्या तोंडाचा मात्र वाटला, आणि तो औषधानं जाईना.

आठव्या दिवशी जीभ लाल झाली, पेजेतलं मीठ लागलं. ठेचा मागायला वळले, तर खाट रिकामी. नर्सकडून कळलं, तिच्या पोटातल्या गाठीवर इलाज उरला नव्हता. हवं ते खाऊ द्या, असं डॉक्टरांनी तिच्या सुनेला आधीच सांगितलं होतं.

शारदा गेली. मी आहे, आणि पंपानंतर चूळ भरते.